विधी कमी करा, माणसं नको: आपल्या मनासारखं लग्न कसं आखायचं

आमच्या लग्नात आम्ही अंतरपाट धरला नाही. दोन वर्षं रोज भेटणाऱ्या दोघांमध्ये पडदा कशाला, असा आमचा विचार होता आणि तो आजही मला चुकीचा वाटत नाही. पण लग्नाच्या दिवशी माझा मोठा मामा नवा फेटा बांधून मांडवाच्या खांबाशी उभा होता आणि त्याला काही कामच नव्हतं. भाचीला बोहल्यावर आणायचं, मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, ही मामाची कामं. ती आम्ही यादीतून खोडली होती आणि खोडताना मामा डोळ्यांसमोर आलाच नव्हता. तो काही बोलला नाही. जेवला, डोक्यावर हात ठेवला आणि संध्याकाळच्या एसटीने परत गेला.

त्यानंतर भावंडांच्या आणि मैत्रिणींच्या सात लग्नांच्या आखणीत मी होते. प्रत्येक वेळी पहिल्या बैठकीत मी मामाची गोष्ट सांगते. मराठी लग्नातला जवळजवळ प्रत्येक विधी कुणाचा तरी असतो. करा-दिवा करवलीचा, कानपिळी भावाची, सूनमुख सासूचं. विधी काढला की तो माणूसही मांडवातून निघतो. म्हणून विधी बिनधास्त काढा, पण त्या माणसाला दुसरं काम दिल्याशिवाय काढू नका. हॉल, डीजे आणि बुफेचं ठरावीक पॅकेज नको, लग्न आपल्यासारखं दिसावं असं वाटणाऱ्या जोडप्यांनी कुठून सुरुवात करायची ते आता क्रमाने सांगते.

पहिली पायरी: वही घेऊन बसा, दोघं वेगवेगळे

घरी सांगण्याआधी आणि जागा बघण्याआधी हे करा. लग्नातल्या सगळ्या गोष्टींची यादी काढा: साखरपुडा, बस्ता, मेंदी, घाणा, हळद, देवक, सीमांतपूजन, कन्यादान, अंतरपाट, मंगलाष्टकं, मंगळसूत्र, लाजाहोम, सप्तपदी, कानपिळी, सूनमुख, झाल, वरात, गृहप्रवेश, नाव बदलणं, सत्यनारायण, गोंधळ. तुमच्याकडे आणखी काही असेल तर तेही. प्रत्येकासमोर ‘हवंच’, ‘चालेल’ किंवा ‘नको’ लिहा. एकमेकांचं न बघता लिहा, मग वह्या शेजारी ठेवा. इथे जोडप्यांना हमखास धक्का बसतो. ‘सगळं साधं करू’ म्हणणाऱ्याला हळद हवीच असते आणि पारंपरिक वाटणारी मुलगी कन्यादानावर ठाम ‘नको’ लिहून मोकळी झालेली असते.

मग चौथा रकाना काढा: ‘हे कोणाचं?’ ‘नको’ लिहिलेल्या प्रत्येक ओळीपुढे माणसाचं नाव लिहा. हा रकाना पुढे सगळीकडे लागणार आहे.

लग्नात आपलं प्रतिबिंब हवं, म्हणून बरेच जण आधी ‘थीम’ शोधतात. मी ते सुचवत नाही. रविवारी सकाळी तुम्ही दोघं काय करता, कशावर भांडता, कुणाच्या घरी न विचारता जाता, हे आठवा. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याचं सगळं आयुष्य सह्याद्रीत भटकण्यात गेलेलं. त्यांना लग्न किल्ल्यावर हवं होतं. पण बहुतेक मोठे किल्ले पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, तिथे मांडव घालता येत नाही, आणि नवऱ्याच्या आजीला तर शंभर पायऱ्याही चढवत नव्हत्या. मग लग्न पायथ्याच्या गावात, देवळासमोरच्या पटांगणात झालं. त्यांच्या ट्रेकच्या कंपूने वाढप्यांचं काम अंगावर घेतलं आणि आदल्या रात्री ज्या घरी ते नेहमी पिठलं-भाकरी खायचे, त्याच घरच्या मावशींनी नवरीला हळद लावली. किल्ल्याचं चित्र कुठेही लावलेलं नव्हतं.

दुसरी पायरी: कायदा आधी, सजावट नंतर

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. शांतपणे वाचा.

दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असाल तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली लग्न करता येतं. पण त्या कायद्याच्या कलम ७ प्रमाणे लग्न दोघांपैकी एकाच्या रूढीतल्या विधींनी लागायला हवं. सप्तपदी त्या रूढीचा भाग असेल तर सातवं पाऊल पडल्यावर लग्न पूर्ण होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की विधी न करता या कायद्याखाली नुसती नोंदणी केली, तर त्या कागदाने लग्न होत नाही. तेव्हा ‘विधी काही करायचे नाहीत, भटजींची सही तेवढी घेऊ’ हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पुढे व्हिसा, वारसाहक्क किंवा वाद, काहीही निघालं तर तो कागद तुमच्या पाठीशी उभा राहणार नाही.

विधी नको असतील, स्वतः रचलेले हवे असतील किंवा दोघांचे धर्म वेगळे असतील, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा हाच मार्ग. आपण ज्याला नोंदणी विवाह म्हणतो तो हाच. त्याचं वेळापत्रक नीट समजून घ्या:

१. दोघांपैकी एक जण ज्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहत आहे, त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. वयाचा आणि राहण्याचा पुरावा आणि फोटो लागतात. आधीचं लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा जोडीदाराचा मृत्यूचा दाखला लागतो. मुलीला १८ आणि मुलाला २१ पूर्ण हवीत.

२. नोटीस कार्यालयात लावली जाते. ३० दिवसांत कुणी हरकत घेऊ शकतं, पण हरकत कायद्यातल्या अटींवरच घेता येते: वय, आधीचा जोडीदार हयात असणं, निषिद्ध नातं, मानसिक सक्षमता. ‘आम्हाला पसंत नाही’ ही हरकत होत नाही.

३. ३० दिवस संपल्यावर, पण नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लागायला हवं. नाहीतर नोटीस रद्द होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

४. त्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. दोघांनी, अधिकारी आणि साक्षीदारांसमोर, आपल्याला समजणाऱ्या भाषेत, ‘मी तुला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो’, ‘मी तुला माझा कायदेशीर पती म्हणून स्वीकारते’ या अर्थाचं वाक्य एकमेकांची नावं घेऊन म्हणायचं. एवढंच वाक्य कायद्याला हवं. बाकीचा समारंभ कोणत्याही पद्धतीने करायची मोकळीक कलम १२ देतं.

म्हणजे लग्न २० डिसेंबरला असेल तर नोटीस ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात द्या. त्यातून हरकतीचे ३० दिवस सुटतात आणि तीन महिन्यांची मुदतही हातात राहते. जास्तीचं शुल्क भरून अधिकाऱ्यांना कार्यालयाबाहेर, जवळपासच्या जागी बोलावण्याची सोय कायद्यात आहे, पण ऐन दिवशी त्यांना दुसरं काम निघालं तर अख्खा मांडव खोळंबतो. मी सगळ्यांना सांगते, सह्या आदल्या दिवशी करा. दोन्हीकडची मिळून दहा-बारा माणसं, कार्यालयाबाहेर चहा-पेढे, आणि दुसऱ्या दिवशी निवांत समारंभ.

शेतजमिनीच्या घरांतून एक प्रश्न नेहमी येतो: नोंदणी लग्नाने वाटणीवर परिणाम होतो का? दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर नाही. त्यासाठी १९७६ साली कायद्यात वेगळं कलम घातलं आहे. जोडीदार त्याबाहेरच्या धर्माचा असेल तर मात्र एकत्र कुटुंबातलं स्थान आणि वारसा, दोन्हींचे नियम बदलतात. तिथे वकिलाला आधी भेटा.

गोव्यात गोष्ट वेगळी आहे. तिथे सिव्हिल रजिस्ट्रारकडे आधी लग्नाचा इरादा नोंदवावा लागतो, मग ठरलेल्या अवधीनंतर पुन्हा सह्या होतात. वेगळा करार नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक धरली जाते, आणि तो करार लग्नाच्या आधीच व्हावा लागतो, नंतर नाही. दोघांपैकी एक जण परदेशात असेल तर नोटीस इथे राहणाऱ्या जोडीदाराच्या जिल्ह्यात द्या आणि तीन महिन्यांच्या खिडकीवर सुट्टीची तारीख बसवा. तिकीट त्यानंतर काढा.

तिसरी पायरी: घरी सांगणं

दोघांनी मिळून, समोर बसून सांगा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नाही. आणि ‘आम्हाला हे नको, ते नको’ अशी सुरुवात करू नका. आईला ते ‘तुमचं लग्न आम्हाला नको’ असं ऐकू येतं. आधी काय हवं ते सांगा: ‘आई, तू रचलेलं मंगलाष्टक हवंय.’ ‘काका, पंगतीची सगळी जबाबदारी तुमची.’ वहीतला चौथा रकाना इथे उघडायचा.

‘लोक काय म्हणतील’ या प्रश्नाला वाद घालून उत्तर देता येत नाही, पण आधार देता येतो. साधं, पुरोहिताशिवायचं, एकमेकांना वचन देऊन लावलेलं लग्न ही महाराष्ट्रातली जुनी गोष्ट आहे. २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात सीताराम जाबाजी आल्हाट आणि राधाबाई निंबणकर यांचं पहिलं सत्यशोधक लग्न लागलं, सत्यशोधक समाज स्थापन होऊन तीनच महिने झाले होते. पुढे महात्मा फुल्यांनी अशा लग्नांसाठी स्वतः नवी मंगलाष्टकं रचली, त्यांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात आणि वधू हक्कांचं बोलते. बौद्ध पद्धतीचं लग्नही त्रिशरण-पंचशीलाने थोडक्या वेळात लागतं. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने तयार केलेल्या पुरोहितांत स्त्रिया आहेत, सर्व जातींचे लोक आहेत, आणि ते प्रत्येक विधीचा अर्थ मराठीत सांगत लग्न लावतात. घरच्यांना होम हवा आणि तुम्हाला अर्थ हवा, अशी ओढाताण असेल तर हा मधला रस्ता फार चांगला आहे. एका मैत्रिणीच्या लग्नात आजोबा नाराजीने समोर बसले होते. गुरुजी म्हणून बाई आल्या, त्यांनी सप्तपदीतलं प्रत्येक पाऊल मराठीत उलगडलं, आणि आजोबा म्हणाले, ‘सत्तर लग्नं पाहिली, आज पहिल्यांदा कळलं काय चाललंय ते.’

कुळाचारावर भांडू नका, हे माझं स्पष्ट मत आहे. घरी गोंधळ किंवा जागरण घालायचं असेल, कुलदैवताला जायचं असेल, तर ते आईवडिलांचं देणं आहे. तो दिवस त्यांना द्या. लग्नाचा दिवस तुमचा राहतो.

खर्चाचंही याच बैठकीत बोला. दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा, किंवा तुम्ही दोघांनी सगळा. जो पैसे देतो तो ठरवतो, हे आपल्याकडे कुणी बोलून दाखवत नाही, पण तसंच असतं. स्वतःचे पैसे घालाल तेवढी मोकळीक मिळेल, म्हणून आधी स्वतःचा आकडा ठरवा आणि त्यात लग्न बसवा.

चौथी पायरी: विधी नव्याने बांधणं

मला सगळ्यात आवडणारी पायरी. इथे घाई करू नका, दोन महिने द्या.

अंतरपाट ठेवायचा असेल तर तो विकत आणू नका. दोन्ही आज्यांच्या जुन्या नऊवारीतले तुकडे जोडून शिवा आणि दोन्हीकडच्या मामांना धरायला लावा. माझ्या धाकट्या मावसबहिणीच्या लग्नात असाच केला. एक टोक माझ्या त्याच मोठ्या मामाच्या हातात होतं. अंतरपाट काढायचाच असेल तर मामांना दुसरं काम द्या: दोघांना बोहल्यापर्यंत घेऊन येणं, साक्षीदार म्हणून सही करणं, पहिले चार शब्द बोलणं. साक्षीदाराची सही हा मोठा मान आहे आणि कायद्याला ती तीन माणसांची लागते. मामा, आत्या, आणि तुम्हाला घडवणारे एखादे शिक्षक, झाले तीन.

मंगलाष्टकं स्वतः रचा. मंगलाष्टकांची चाल शार्दूलविक्रीडित वृत्ताची असते: एका ओळीत १९ अक्षरं, बाराव्या अक्षरावर थांबा. पहिली तीन गुरू, मग दोन लघू आणि एक गुरू, असं चालतं. गण म, स, ज, स, त, त आणि शेवटी एक गुरू. शाळेत शिकलेलं विसरला असाल तर कुठल्याही मराठीच्या बाईंना विचारा, त्या आनंदाने तपासून देतील. मावशीने बहिणीच्या लग्नासाठी केलेली एक ओळ अशी:

दोघांनी मिळुनी उभारु घर हे, दोघांस छाया मिळो

बोटांवर मोजून बघा, बरोबर १९ भरतात. वृत्तासाठी ‘उभारू’चा ‘रु’ ऱ्हस्व केला आहे, तेवढी मुभा कवितेत असते. एक सोय सांगते. ‘कुर्यात् सदा मंगलम्’ ही शेवटची सात अक्षरं वृत्तात तयारच आहेत, त्यामुळे चौथ्या ओळीत तुम्हाला फक्त बारा अक्षरं जुळवायची असतात. घरातल्या चार माणसांना एकेक कडवं द्या. कोणाला वृत्त जमलं नाही तर ओवी लिहू द्या, ओवी सगळ्यांना येते. ज्याने लिहिलं त्यानेच म्हणायचं, सूर हलला तरी. आणि चार कडवी पुरेत. पाहुणे उभे असतात आणि मागच्या रांगेतली मुलं भुकेलेली असतात.

कन्यादानाऐवजी आम्ही काय केलं ते सांगते. मुलगी ‘देणं’ दोघांनाही नको होतं, पण बाबांना तो क्षण हवा होता. मग दोन्हीकडच्या आईवडिलांनी मिळून आम्हा दोघांच्या जोडलेल्या ओंजळीवर पाण्याची धार सोडली. चौघांचे हात एका तांब्याला लागले होते. कुणी कुणाला दिलं नाही. आमच्या लग्नातला हा एकच बदल सगळ्या नातेवाइकांना मनापासून आवडला.

सप्तपदीची वचनं तुमच्या घराची असू द्या. ‘सुखदुःखात साथ देऊ’ हे कुणीही म्हणतं. ‘दोघांच्या आईवडिलांचं आजारपण दोघांचं’, ‘पगार कमी कोणाचा यावरून घरातलं काम ठरणार नाही’, ‘भांडण झालं तरी जेवायला एकत्र बसू’, अशी वचनं म्हणताना आवाज बदलतो. प्रत्येक वचन दोघांनीही म्हणायचं. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न लावत असाल आणि सप्तपदी तुमच्या रूढीत असेल तर अग्नी आणि सात पावलं तशीच ठेवा, शब्द तेवढे मराठीत जोडा.

अक्षतांचा तांदूळ पायाखाली जातो, हे खूप जणांना खुपतं. आम्ही झेंडू आणि शेवंतीच्या पाकळ्या वापरतो. त्या सकाळीच सुट्या करून ओल्या कापडात ठेवा, आदल्या रात्री केल्या तर काळ्या पडतात. आजी-आजोबांसाठी एका वाटीत मूठभर अक्षता वेगळ्या ठेवा. त्यांनी जवळ येऊन डोक्यावर टाकल्या की एक दाणाही वाया जात नाही.

मंगळसूत्राचं दोघांनीच ठरवा. काही मुली घालतात, काही नाही, काही जोडपी दोघांच्या गळ्यात सारखी साखळी घालतात. उखाणा मात्र दोघांनीही घ्यायचा. नवऱ्यांना आधी लाज वाटते, म्हणून महिनाभर आधी सांगून ठेवा.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं, ज्याला एक रुपया लागत नाही. आपल्या लग्नांत विधवा आई, आत्या, आजी मागे बसतात. हळद लावायला, ओवाळायला त्यांना कुणी बोलावत नाही. मुलाला एकटीने वाढवणारी आई स्वतःच्या मुलाच्या हळदीला दारात उभी असलेली मी पाहिली आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केल्या. एक अख्खं गाव हे करू शकतं, तर एक मांडव नक्कीच करू शकतो. पहिली हळद त्यांनाच लावायला सांगा. पण आधी एकांतात विचारा. काही जणी घाबरतात, लग्नाला आपली नजर लागेल असं आयुष्यभर ऐकलेलं असतं. ‘आत्या, तुझ्या हातचीच हळद हवी’ असं दोन-तीनदा म्हणावं लागतं. मग त्या येतात.

पाचवी पायरी: माणसं मोजा, मग जागा शोधा

उलटा क्रम लावू नका. जागा आधी धरली की ती भरायला माणसं वाढतात. आमचा हिशेब असा असतो: ज्यांच्याकडे तुम्ही गेल्या दोन वर्षांत जेवला आहात किंवा जे तुमच्याकडे जेवले आहेत, ती माणसं लग्नाला. बाकीच्यांना, म्हणजे बाबांचं ऑफिस, सोसायटी, गावकी, यांच्यासाठी वेगळ्या दिवशी घरगुती चहा-फराळ. लग्नात दीडशेच्या आत माणसं असली की तुम्ही प्रत्येकाशी बोलू शकता.

शेत, जुना वाडा, शाळेचं पटांगण, वाचनालयाचं सभागृह, देवळाची ओवरी, सगळं चालतं. जिथे तुमचा काही संबंध आहे तिथे करा. मंगल कार्यालय सोडलं की मात्र तिथे आपोआप मिळणाऱ्या गोष्टी आपल्याला उभ्या कराव्या लागतात. ही यादी जागेवर जाऊन तपासा: दीडशे माणसांना निदान चार शौचालयं आणि त्यांतलं एक म्हाताऱ्यांना बसता येईल असं, पाण्याचा टँकर, जनरेटर, गाड्या लावायला जागा, जवळचा दवाखाना, पाहुण्यांना कपडे बदलायला दोन खोल्या. स्पीकर लावणार असाल तर पोलिसांची परवानगी घ्या. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही.

तारीख मुहूर्ताने बांधलेली नसेल तर हा मोठा फायदा आहे. आचारी, मांडववाले, फोटोग्राफर मुहूर्ताच्या दिवशी मिळत नाहीत आणि मिळाले तरी महाग पडतात. मुहूर्त नसलेला जानेवारी-फेब्रुवारीतला एखादा रविवार घ्या. उघड्यावर करायचं तर मे महिना टाळा. जूनचा पहिला आठवडाही टाळा, तेव्हा वळीव आणि पाऊस दोन्ही येतात. वेळ सकाळची ठेवा. साडेदहाला लग्न, बाराला पंगत, तीनला पाहुणे मोकळे. लांबून आलेल्यांना त्याच दिवशी घरी जाता येतं.

जेवण

पंगत करा. बुफेच्या रांगेत ताट धरून उभ्या असलेल्या आजीला पाहिलं की मला राहवत नाही. पंगतीत अन्नही कमी वाया जातं, कारण वाढणारा विचारून वाढतो. दोन्ही घरांचा एकेक पदार्थ घ्या आणि तिथेच थांबा. खानदेशातली नवरी आणि पुण्याचा नवरा असं एक लग्न होतं. वरण-बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी, मसालेभात, मठ्ठा आणि जिलबी. बस्स. बट्टीसाठी आचारी मुद्दाम धुळ्याकडून आणला होता, कारण बट्टी तळणं सोपं दिसतं आणि आतून कच्ची राहते. बत्तीस पदार्थांच्या जेवणापेक्षा ती पंगत लोक जास्त आठवतात.

आचाऱ्याला माणसं सांगताना खरा आकडा सांगा, तो स्वतःचं वाढवून धरतोच. पत्रावळी पळसाच्या घेतल्या तर त्या आदल्या दिवशी पाण्याचा हात फिरवून ठेवा, वाळलेल्या फाटतात. वाढायला मित्रमैत्रिणी घ्या, पण त्यांच्यावर एक अनुभवी माणूस नेमा. वहीतला एखादा बिनकामाचा राहिलेला काका इथे सोनं ठरतो.

पत्रिका आणि आहेर

पत्रिका दोघांच्या शब्दांत लिहा, एका पानात. नवीन लोक गोंधळतात तिथे स्पष्ट सांगा: लग्न कसं लागणार, किती वेळ चालणार, जेवण कधी. ‘नोंदणी आदल्या दिवशी झालेली आहे, आज आम्ही तुमच्यासमोर वचनं घेणार आहोत’ असं लिहिलं की मांडवात कुजबुज होत नाही. मोबाइलवर पाठवा, पण साठीच्या पुढच्यांना छापील पत्रिका हातात द्या आणि शक्यतो घरी जाऊन द्या.

‘आहेर आणू नये’ एवढंच लिहिलं तर निम्मे लोक पाकीट आणतातच. त्याऐवजी काय करावं ते सांगा. गावच्या शाळेच्या वाचनालयाला एक पुस्तक, असं लिहून पुस्तकांची यादीच जोडली तर दहा-दहा प्रती एकाच पुस्तकाच्या येत नाहीत. पाहुण्यांना परत रोपं द्यायची पद्धत सुरू झाली आहे. माझा अनुभव असा की एसटीच्या गर्दीत रोपं टिकत नाहीत. घरच्या वालाच्या, दोडक्याच्या, झेंडूच्या बियांची पुडी द्या. ती पर्समध्ये मावते आणि पावसाळ्यात फोन येतात, ‘तुमचा दोडका वर चढला.’ मानपानाच्या साड्यांवर वाद होणार असेल तर दोन्हीकडे एकच नियम लावा: द्यायच्या तर दोन्हीकडून सारख्या, नाहीतर कुणाकडूनच नाही. मग कुणी मोजत बसत नाही.

शेवटचा आठवडा आणि तो दिवस

सूत्रधार एकच नेमा. भटजी असतात तेव्हा पुढे काय ते सांगणारा माणूस असतो. स्वतः रचलेल्या लग्नात तो नसतो आणि दर दहा मिनिटांनी सगळे नवरा-नवरीकडे बघतात. सूत्रधार मोठ्या आवाजाचा, दोन्ही घरांना ओळखणारा आणि फोटोत येण्याचा हव्यास नसलेला असावा. त्याच्याकडे कागदावर क्रम लिहिलेला असू द्या: काय, कोण, किती मिनिटं. सगळा समारंभ चाळीस मिनिटांत बसवा आणि एकदा जागेवर तालीम करा. विशेषतः माइक कुठे पोहोचतो ते बघा, कारण वचनं मागच्या रांगेला ऐकू आली नाहीत तर त्यांच्यासाठी लग्न लागलंच नाही.

आदल्या रात्री चौथा रकाना शेवटचा वाचा. एखादं नाव अजून रिकामं असेल तर ओवाळणीचं तबक, पाहुण्यांना गुलाबपाणी, वह्यांत आशीर्वाद लिहून घेणं, काहीतरी निघतंच.

नंतरचे कागद

हिंदू विवाह कायद्याखाली लग्न झालं असेल तर महाराष्ट्रातल्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याप्रमाणे ९० दिवसांत नोंदणी करा. गावात ग्रामपंचायतीत, शहरात महापालिकेच्या विभागीय कार्यालयात. तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्यांची माहिती लागते, म्हणून त्यांच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स लग्नाआधीच गोळा करून ठेवा. नंतर लोक आपापल्या गावी पांगतात. विशेष विवाह कायद्याखाली सह्या झाल्यावर दाखला तिथूनच मिळतो, वेगळी नोंदणी करावी लागत नाही.

दाखल्याच्या प्रमाणित प्रती दोन-तीन घ्या. नावांचं स्पेलिंग, जन्मतारीख, पत्ता कार्यालयातून बाहेर पडण्याआधी अक्षर न अक्षर तपासा, कारण दुरुस्तीला मूळ कामापेक्षा जास्त खेपा लागतात. मुलीचं नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही. लग्नाआधीचं नाव ठेवायचं असेल तर पासपोर्ट, बँक, आधार, सगळीकडे तेच राहू द्या आणि लग्नाचा दाखला सोबत जोडा. बदलायचं असेल तर सगळीकडे एकाच वेळी बदला. अर्धं इकडे, अर्धं तिकडे राहिलं की पहिल्या बाळाच्या जन्मदाखल्याच्या वेळी दवाखान्यातून थेट कार्यालयाच्या रांगेत जावं लागतं.